भूकंप इंजिनियरिंगमध्ये एमटेक, पीएचडी, प्राध्यापकी: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलै लागला, डिप्लोमा आणि बीईचे रिझल्ट आले की माझ्याकडे फोन येऊ लागतात. चोपडा, शिरपूर, पाचोरा, शहादा, कुठून कुठून पोरं-पोरी विचारतात, कधी त्यांचे आई-वडील पण. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळं इथं लिहून ठेवू राहिले. मी मूळची यावल तालुक्यातली, मराठी शाळा, मग पॉलिटेक्निक, मग बीई, दोन वर्षं साइटवर, मग एमटेक, थोडे दिवस प्रायव्हेट कॉलेज, मग पीएचडी, आणि आता सिव्हिलला शिकवते. भूकंपात बिल्डिंग कशी वागते हा माझा विषय.

ताई, आपल्याकडे कुठं भूकंप येतो? मग हे शिकून करायचं काय?

माझी आजी पण हेच म्हणायची, "आमनाकडे कोठे येस भूकंप?" १९९३ च्या आधी किल्लारीच्या लोकांनाही तसंच वाटायचं आणि त्यांची चूक नव्हती, कारण तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले असताना ६.२ चा भूकंप झाला आणि हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. मी तेव्हा चौथीत होते, आमच्या गावातून भाकरी आणि जुने कपडे गोळा करून ट्रकने पाठवले होते ते मला आठवतं, आईने रात्री बसून शिळ्या होणार नाहीत अशा कडक भाकरी केल्या होत्या.

आता आपलं. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीच्या पट्ट्यात जमिनीखाली जुने फॉल्ट, म्हणजे खडक जिथे सरकतात त्या भेगा, आहेत, नर्मदा-सोन-तापीचा हा सगळा पट्टाच भूगर्भवाल्यांच्या नजरेत असतो. १४ मार्च १९३८ ला याच सातपुड्यात ६.३ च्या आसपासचा भूकंप झालाय, आणि याच पट्ट्यात पुढे पूर्वेला जबलपूरला २२ मे १९९७ ला ५.८ चा. आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठीचा भारतीय कोड, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत आपला तापीचा पट्टा झोन ३ मध्ये येतो, म्हणजे मध्यम धोका. आणि भुज विसरू नका. २६ जानेवारी २००१ ला केंद्र भुजजवळ होतं पण तिथून दोनशेच्या वर किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगा बसल्या. जळगाव, धुळ्यात आता प्रत्येक कॉलनीत खाली पार्किंग आणि वर तीन-चार मजले चालू आहेत, ते बघून मला रोज हा विषय आठवतो.

भूकंप कधी येणार हे तुम्ही सांगता का?

नाही. ते कोणीच सांगू शकत नाही, व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ टाकून मेसेज फिरतात ते सगळे खोटे. भूकंप कुठे झाला, किती खोल, किती मोठा हे बघणारे सिस्मॉलॉजिस्ट वेगळे, ती सायन्सची लाइन आहे, जिओलॉजी किंवा फिजिक्सवरून तिकडे जाता येतं, आपल्या शेजारी नाशिकला मेरी या सरकारी संशोधन संस्थेत भूकंप नोंदीचं काम चालतं. आम्ही स्ट्रक्चरवाले. जमीन हलली तर घर, शाळा, पूल, पाण्याची टाकी उभी राहील का, नसेल तर काय करायचं, एवढं आमचं काम.

डिप्लोमावाल्याला पीएचडीपर्यंत जाता येतं का?

येतं, मी तशीच गेले. डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर, मग बीई, मग गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा. उलट आपल्याला एक फायदा असतो तो म्हणजे ड्रॉइंग वाचायची सवय आणि साइटची भीती नसणं. तोटा म्हणजे मॅथ्स. बारावी सायन्स न केल्यामुळे डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स आपले कच्चे राहतात आणि भूकंप इंजिनियरिंग म्हणजे तर पहिल्या दिवसापासून तेच, वस्तुमान, कडकपणा, डॅम्पिंग, आणि त्याचं एक समीकरण जे पुढे पाच-सात वर्षं पाठ सोडत नाही. मी एमटेकच्या आधी दोन महिने घरी बसून बीईच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं मॅथ्स परत केलं, भर उन्हाळ्यात, यावलचा मे महिना काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. ते दोन महिने केले म्हणून पुढचं जमलं.

गेट किती महत्त्वाची? ॲडमिशन कुठे घ्यायची?

खूप महत्त्वाची. तीन तासांचा, १०० मार्कांचा पेपर, स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटीच्या ऑफर कोॲप या पोर्टलवर, एनआयटीच्या सीसीएमटी या पोर्टलवर, आणि राज्यातल्या कॉलेजांचं सीईटी सेलकडून.

आयआयटी रुरकीला भूकंप इंजिनियरिंगचा पूर्ण वेगळा डिपार्टमेंटच आहे, १९६० पासून. जय कृष्ण यांनी तो उभा केला, आपल्या देशात या विषयाची सुरुवात तिथूनच झाली असं म्हटलं तरी चालेल. कानपूर, मुंबई, मद्रास, गांधीनगरच्या आयआयटी, हैदराबादची ट्रिपल-आयटी, इथे स्ट्रक्चर किंवा सिव्हिलमध्ये राहून भूकंपावर काम करणारे लोक आहेत. आपल्या जवळचं बघायचं तर सुरतचं एसव्हीएनआयटी, नंदुरबारवाल्यांना तर ताप्ती लाइनवर एकच गाडी. नागपूरला व्हीएनआयटी, पुण्याला सीओईपी, मुंबईत व्हीजेटीआय. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या नावाआधी तिथे कोण शिकवतं, त्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत काय काम केलं आणि लॅब चालू आहे का ते बघा. लॅबमधल्या मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल तर समजून घ्या.

एमटेकला महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, गेटवर ॲडमिशन असेल तर. त्यात हॉस्टेल-मेस भागतं, घरी पाठवण्याइतकं उरत नाही.

एमटेकमध्ये नक्की काय शिकवतात? सोप्या भाषेत सांगा.

स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट, भूकंपविरोधी डिझाइन, सॉइल डायनॅमिक्स, जुन्या बिल्डिंगचं मजबुतीकरण, असं. पण नाव सांगून कळत नाही म्हणून एक गणित सांगते, हे कळलं तर आख्खा विषय कळला.

समजा जळगावात तळमजला अधिक दोन अशी बिल्डिंग आहे, वजन ४०० टन. २०१६ च्या कोडात झोन ३ साठी जमिनीच्या हलण्याचा आकडा ०.१६, कोड त्याच्या अर्ध्याने मोजतो, आणि अशी बुटकी बिल्डिंग जमिनीचं हलणं साधारण अडीचपट करून घेते. म्हणजे ०.०८ गुणिले २.५, झाले वजनाच्या २० टक्के. ४०० टनाच्या बिल्डिंगला ८० टन आडवा धक्का. आता ८० टन आडव्या जोरासाठी डिझाइन केलं तर कॉलम एवढे मोठे होतील की कोणी बांधणारच नाही. म्हणून कोड म्हणतो, तुम्ही चांगली लवचिक फ्रेम देणार असाल तर ५ ने भागा. ८० चे झाले १६ टन. सगळे डिझाइनर हे भागाकार करतात, सॉफ्टवेअर पण करून देतं. पण हा ५ फुकट मिळालेला नाही, तो शब्द दिल्यासारखा आहे, की मोठ्या भूकंपात माझे कॉलम-बीम तडकतील, वाकतील, पण तुटून खाली येणार नाहीत. आणि तो शब्द कोण पाळतं तर आयएस १३९२० या कोडप्रमाणे कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेली लोखंडी रिंग. कॉलमच्या टोकांना रिंगा १०० मिमीच्या आत, आणि रिंगेचा हूक १३५ अंशात आत वळवलेला, काँक्रीटच्या पोटात गेलेला.

आता कुठल्याही साइटवर जाऊन बघा, हूक बहुतेक ९० वर असतो. म्हणजे भागाकार ५ ने केला आणि शब्द पाळलाच नाही. हे मला पहिल्या सेमिस्टरला कळलं तेव्हा मी दोन वर्षं साइटवर पास केलेले सगळे कॉलम आठवायला लागले, आणि ती रात्र मी अजून विसरले नाही.

पीएचडीचा विषय कसा निवडायचा?

जे तुमच्या डोळ्यासमोर रोज चुकतंय त्यातून निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाइड वीस विषय सुचवतील, परदेशातले लोक काय करतात ते पण वाचाच, पण साडेचार-पाच वर्षं एका गोष्टीला चिकटून राहायचं तर ती मनाला लागलेली पाहिजे. माझ्या मनाला हूक लागला होता म्हणून मी कॉलमवर काम केलं.

लॅबमध्ये काय होतं ते सांगते. दोन कॉलम बनवले, सळई तीच, काँक्रीट तेच, फरक फक्त हुकाचा. वर वजन ठेवून हायड्रॉलिक ॲक्च्युएटरने कॉलमचं डोकं हळूहळू इकडे-तिकडे ढकलायचं, प्रत्येक फेरीला थोडं जास्त. प्रत्येक फेरीनंतर मशीन थांबवायचं आणि टॉर्च घेऊन तडे शोधायचे, एका बाजूचे लाल मार्करने, दुसऱ्या बाजूचे निळ्याने, शेजारी फेरीचा नंबर लिहायचा. सुरुवातीला दोन्ही कॉलम सारखेच दिसत होते. मग ९० वाल्याच्या पायथ्याचं बाहेरचं काँक्रीट पापुद्रे पडतात तसं निघालं, ते निघालं तशी रिंगेची टोकं उघडी पडली, पुढच्या फेरीला टोक बाहेर सरकलं आणि आतली उभी सळई धनुष्यासारखी वाकली. आवाज फार मोठा नाही येत. सर शेजारी उभे होते, ते एवढंच म्हणाले की फोटो काढा. १३५ वाला त्याच्यापुढे कितीतरी फेऱ्या चालला, बाहेरचं काँक्रीट त्याचं पण गेलं पण गाभा रिंगेने धरून ठेवला.

नुसतं कॉम्प्युटरवर पण पीएचडी होते, ओपनसीससारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, जगभर वापरतात, घरच्या लॅपटॉपवर शिकायला आजच सुरू करता येतं. पण एकदा तरी काँक्रीट तुटताना समोर बघितलं पाहिजे.

शेक टेबल म्हणजे काय?

खरा भूकंप जसा नोंदवला तसाच हलणारा मोठा टेबल. रुरकीचा साडेतीन मीटर बाय साडेतीनचा आहे. जपानमध्ये मिकी शहरात २००५ पासून २० मीटर बाय १५ मीटरचा चालू आहे, त्याच्यावर आख्खी खरी बिल्डिंग ठेवून हलवतात. आपल्याकडे लहान मॉडेल करतात, त्यात एक गंमत असते की बिल्डिंग पाव आकाराची केली तर भूकंपाचा वेळ निम्मा करावा लागतो आणि मॉडेलवर जादाचं लोखंड किंवा शिसं ठेवून वजन वाढवावं लागतं, नाहीतर जे दिसतं ते खरं नसतं.

किती वर्षं लागतात, आणि घरी पैसे कसे द्यायचे?

धरून चला पाच. आधी कोर्सवर्क, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, मग काम, पेपर, थीसिस, आणि तो बाहेरच्या परीक्षकांकडे जाऊन व्हायवा. फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं. आधीपेक्षा बरंच बरं आहे. तरी घरी एकटं कमावतं माणूस तुम्हीच असाल, बहिणीचं लग्न, शेतीचं कर्ज असेल, तर हे पैसे कमी पडतात हे मी लपवणार नाही. अशा वेळी आधी दोन-तीन वर्षं नोकरी करून मग या, उशीर झाला असं काही नसतं. मी पीएचडीला लागले तेव्हा सत्तावीसची होते, माझ्या बरोबरचे दोघं पस्तिशीचे होते.

घरचे म्हणतात एवढं शिकून मास्तरच होणार ना?

हो, मास्तर. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरला बीई आणि एमटेक लागतं, दोन्हीपैकी एकात फर्स्ट क्लास, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आणि वर भत्ते. असोसिएटला पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन पीएचडीनंतरची, शिवाय चांगले पेपर. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ ची सुरुवात १,०१,५०० मूळ वेतनावर असते पण तिथे पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि स्पर्धा खूप.

ही कागदावरची गोष्ट झाली. प्रायव्हेट कॉलेजात खूप ठिकाणी या वेतनाच्या निम्मंही हातात येत नाही. मी जिथे होते तिथे सात महिने पगार झाला नव्हता, ॲडमिशन आणायची कामं मात्र होती, उन्हात गावोगाव फिरून पोरांना आमच्या कॉलेजला या म्हणायचं. म्हणून जॉइन होण्याआधी तिथल्याच शिक्षकांना बाहेर चहाला भेटून पगार महिन्याच्या महिन्याला होतो का हे विचारा, त्यात लाजायचं काही नाही. मास्तरकीशिवाय पण रस्ते आहेत, चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसीसारख्या संस्थेत सायंटिस्ट, अणुऊर्जा, मोठ्या डिझाइन कंपन्या, विमा कंपन्यांसाठी धोका मोजणाऱ्या फर्म.

पेपर छापून आणणं अवघड असतं का?

असतं. चांगल्या जर्नलला पाठवला की चार-सहा महिन्यांनी उत्तर येतं आणि दोन-तीन अनोळखी तज्ज्ञांनी पानभर चुका काढलेल्या असतात. माझा पहिला पेपर दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पाठवताना मी टेस्टचा अर्धा डेटा नव्याने तपासला आणि खरंच एका सेन्सरचं रीडिंग उलट्या चिन्हाने घेतलेलं निघालं, निकाल बदलला नाही पण परत आला नसता तर ती चूक कायमची छापली गेली असती. एक कळकळीने सांगते, पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. आपल्या विषयात खोट्या डेटावर कोणी उद्या भिंत बांधेल.

इंग्रजी कच्चं आहे, मराठी मीडियमचा आहे.

सुधारतं. रोज एक पान वाचा आणि एक परिच्छेद लिहा, गाइडकडून लाल करून घ्या. सुरुवातीला आयआयटी कानपूरच्या भूकंप माहिती केंद्राच्या, म्हणजे नायसीच्या २४ भूकंप टिपा वाचा, सी. व्ही. आर. मूर्ती सरांनी लिहिलेल्या, मोफत आहेत, चित्रं इतकी साधी आहेत की मी त्या गवंड्यांना पण दाखवते.

मुलींनी या लाइनला यावं का? साइट, लॅब, रात्रीचं काम...

यावं. लॅबमध्ये काँक्रीट भरायचा दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री अकराला संपतो, ते खरं आहे, आणि ते मुलांना पण तेवढंच जड जातं. मला सगळ्यात अवघड गेलं ते काम नाही, घरच्यांना पाच वर्षं समजावत राहणं. आई शेवटपर्यंत विचारायची की अजून कोणती परीक्षा राहिली. वडलांनी मात्र एकदा लॅबला येऊन तो मोडलेला कॉलम हाताने चाचपून बघितला, स्वतःच्या घराच्या कॉलमच्या रिंगा कशा होत्या ते विचारलं, आणि त्यानंतर नातेवाइकांना ते स्वतःच उत्तर द्यायला लागले. मुलीच्या वडलांचा फोन आला की मी त्यांना हेच म्हणते, काका, एकदा येऊन लॅब बघा.

परदेशात जावं का?

जमलं तर जावं, एक-दोन वर्षं. जपान, न्यूझीलंड, इटली, अमेरिका, तुर्की, या देशांनी मार खाल्लेला आहे म्हणून तिथे हा विषय रोजच्या जगण्यात आहे. जपानमध्ये आपल्यासारख्या देशांच्या इंजिनियरांसाठी १९६२ पासून एक संस्था ट्रेनिंग देते, ती आता त्सुकुबाला आहे.

भूकंप झाला की प्राध्यापक तिथे जातात, ते कशासाठी?

पाहणीसाठी. काय पडलं हे तर दिसतंच, आम्ही जास्त वेळ बघतो की शेजारचं का उभं राहिलं. किल्लारी भागात भिंती पडल्या पण ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण नीट जोडलेले होते तिथे काही ठिकाणी छत खांबांवर तसंच राहिलं आणि आतली माणसं वाचली, ही गोष्ट पाहणीतूनच पुढे आली. अशी निरीक्षणं मग भारतीय मानक ब्युरोच्या कमिटीपर्यंत जातात आणि कोड बदलतो. झोन १ हा प्रकारच २००२ च्या आवृत्तीत काढून टाकला तो असाच, लातूरसारख्या अनुभवांनंतर. कमिटीवर जायला आयुष्य जातं, पण कोडचा मसुदा सूचनांसाठी खुला होतो तेव्हा कोणीही लिहून पाठवू शकतं, विद्यार्थी सुद्धा.

आमचं जुनं धाब्याचं घर आहे, काही करता येईल का?

हा प्रश्न करियरचा नाही पण सगळ्यात जास्त हाच येतो, म्हणून.

आमच्या आजीचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, टोपल्या भरभरून, आम्ही पोरं पायाने दाबायचो. जुनी माती कोणी काढायचं नाही, नवीन वरून पडायची. एमटेकला असताना सुट्टीत मी तिथे पट्टी घालून मोजलं तर माती फूटभर जाड निघाली. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनाच्या आसपास वजन, आणि धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, हे वर सांगितलंच. तर पहिलं काम, नवीन माती टाकायच्या आधी जुनी काढा. दुसरं, कडी-पाट, म्हणजे छताच्या लाकडी तुळया आणि फळ्या, जिथे खांबावर आणि भिंतीवर टेकतात तिथे लोखंडी पट्टीने पक्के बांधा. दगडी भिंत दोन थरांची असते आणि मधे माती, ते दोन थर फुगून वेगळे होतात, म्हणून ठराविक अंतरावर भिंतीत आरपार जाणारा दगड किंवा काँक्रीटचा तुकडा घालून दोन्ही थर जोडायचे. आणि जमेल तर दाराच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा. हे सगळं गावातला मिस्त्री करू शकतो, फक्त एकदा इंजिनियरला दाखवून घ्या. भिंतीला तिरकी चीर दिसली की लोक घाबरून फोन करतात, पण काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन आकसून पण अशा चिरा पडतात, पावसाळ्यात चीर मिटते का ते बघा, मिटली तर गोष्ट पायाची आहे.

मला आजच काहीतरी सुरू करायचंय, काय करू?

शाळेतल्या कंपासमधला कोनमापक घ्या आणि जवळच्या चालू साइटवर जा. फिटर रिंगा वाकवत बसलेला असेल, त्याला मामा किंवा भाऊ म्हणून आधी दोन मिनिटं बसा, चहा सांगा. मग एक रिंग उचलून हुकाचा कोन मोजा. ९० निघाला तर त्याला विचारा की १३५ करायला काय अडतं. माझ्या ओळखीच्या एका फिटरमामांनी उत्तर दिलं होतं की हूक आत वळवला की उभ्या सळईत रिंग वरून घालताना अडकते, दिवसाला तेवढी रिंग होत नाही आणि पैसे तर नगावर मिळतात. पाच वर्षांच्या पीएचडीत मला हे कोणत्याच पेपरमध्ये सापडलं नव्हतं. आता माझा एक विद्यार्थी हूक लवकर वळवता येईल अशा साध्या हाताच्या हत्यारावर काम करतोय, आणि मामा दर रविवारी लॅबला येऊन ते वापरून बघतात.